शंका पेन्सिलीनं

“जयवंता, या माणसाला दोन बायका होत्या, हे तुला पटतं ना?”

गणपुले सरांनी प्रूफाच्या कागदांवरून मान वर केली आणि चष्मा कपाळावर ढकलला. सांगलीतल्या त्यांच्या घराच्या मागच्या पडवीत आम्ही बसलो होतो. एक्याण्णव सालचा मार्च होता. काकू पलीकडे सुपात ज्वारी निवडत होत्या.

“पटतं की,” मी म्हणालो. मला काय, त्या कवीला दोन बायका असोत नाहीतर चार.

“नाही, तसं नव्हे. नीट ऐक.” सरांनी कागद डोळ्यांजवळ धरला आणि आपलंच भाषांतर मोठ्यानं वाचलं.

“रात्री माझ्या बायका, दोघीही गार, 
तरी माझे हात सोडत नाहीत.”

काकूंचे हात सुपातच थांबले होते. त्यांनी या ओळी निदान पन्नासदा ऐकल्या असतील, तरी दर वेळी त्या अशाच थांबायच्या.

प्राध्यापक त्र्यंबक गणपुले यांनी आमच्या कॉलेजात पस्तीस वर्षं इंग्रजी शिकवलं आणि त्यातली शेवटची अकरा वर्षं एका पुस्तकात घातली. ‘आधुनिक ब्रिटिश आणि चिलीचे कवी : जीवन आणि शैली’. नाव ऐकूनच लोक हसायचे. सांगलीत हळदीचा भाव विचारणारे ढीगभर, चिलीचा कवी विचारणारं कोण? पण सरांना त्याचं काही नव्हतं. तरुणपणी त्यांनी हॅरल्ड विंटन नावाच्या एका ब्रिटिश कवीवर प्रबंध लिहिला होता. हा विंटन एका बंदरावरच्या कचेरीत जन्मभर टपाल लावत बसला आणि बारा ओळींच्या वर कवितेत कधी गेला नाही. ‘मी’ हा शब्द त्यानं साऱ्या आयुष्यात कवितेत तीनदा वापरला, असं सर मोजून सांगायचे. म्हातारपणी त्यानं बोटीवरच्या खलाशांकडून स्पॅनिश शिकून चिलीच्या एलिसेओ तापियाच्या कवितांचं इंग्रजी भाषांतर केलं. त्या भाषांतराचं बोट धरून आमचे सर चिलीत पोचले आणि मग परत आलेच नाहीत.

“इंग्रज कवी दुःख झालं की ओली छत्री मिटून दाराआड ठेवतो,” ते वर्गात सांगायचे, “आणि चिलीचा कवी तेच दुःख धुऊन अंगणात वाळत घालतो. शेजाऱ्यांनी बघावं म्हणून.” पुस्तकाचा सगळा जीव या एका वाक्यात होता.

तापियावरच्या प्रकरणाचं नाव होतं ‘दोघींचे हात’. पुस्तकातलं सगळ्यात सुंदर प्रकरण, हे मी आजही म्हणेन. तापियाला दोन बायका होत्या, एक गेलेली आणि एक असलेली, आणि त्याच्या ओळी दोन-दोनच्या जोड्यांनी का येतात याचं उत्तर त्या दोघींत आहे, असं सरांनी मांडलं होतं. विंटनच्या इंग्रजी पुस्तकात तापियाची एक पानभर माहिती होती, तिच्यात बायकांचा उल्लेखच नव्हता. सरांनी त्याचंही कारण शोधलं होतं. इंग्रज माणूस, दुसऱ्याच्या बायकांबद्दल लिहायला लाजला असणार!

सरांना हे इतकं का पटलं होतं, ते त्या घरात दोन दिवस राहिलेल्या कुणालाही कळलं असतं. सरांची पहिली बायको, शांताबाई, लग्नानंतर चौथ्या वर्षी गेली. मग उषाकाकू आल्या. काकूंच्या गळ्यात मंगळसूत्राच्या शेजारी काळ्या दोऱ्यात एक चांदीचा छोटा टाक असायचा. पहिली गेल्यावर घरात आलेल्या दुसरीनं पहिलीची खूण म्हणून गळ्यात घालायचा, तो सवतीचा टाक. बाकीच्या बायका तो भीतीपोटी घालतात, सवतीनं छळू नये म्हणून. काकू मात्र आंघोळ झाली की त्याला बोटानं कुंकू लावायच्या आणि म्हणायच्या, “चला शांताबाई, कामाला लागू.”

“हे बघ,” सर त्या दिवशी म्हणाले, “मला आता नवी भाषा व्हायची नाही. मी सगळं इंग्रजीतून केलंय. तू दोन वर्षं स्पॅनिश शिकलायस. मूळ पुस्तकाच्या झेरॉक्स तुझ्याकडे आहेत. प्रूफं घरी ने आणि ताडून बघ. आठ दिवस घे. शंका पेन्सिलीनं, खात्री शाईनं.”

हा त्यांचा नियम होता. आमचे प्रबंध, निबंध, रजेचे अर्जसुद्धा ते असेच तपासायचे. शंका असेल तिथं पेन्सिलीची बारीक खूण, खात्री असेल तिथं निळी शाई.

“आणि प्रस्तावनेचं शेवटचं पान त्यात नाही. ते अजून लिहितोय,” ते म्हणाले.

“बरं सर.” मी गठ्ठा उचलला. “येतो.”

“ये,” सर म्हणाले. काकूंनी सुपातूनच हात हलवला. “ये हो. परवा थालीपीठं करतेय, तिकडं बाहेर काही खाऊ नको.”

मी त्या वेळी तासिकेवर शिकवत होतो. कायमची जागा निघाली होती आणि दोन महिन्यांनी मुलाखत होती. माझं वय तीस, बुधगावला आई, आणि दर रविवारी पुण्याला स्पॅनिशच्या वर्गासाठी एसटीनं जाऊन येऊन अकरा तास. ते मी सरांच्या पुस्तकासाठी केलं होतं. स्पॅनिशचं मला स्वतःला वेड होतं वगैरे काही नाही. सर म्हणाले शीक, म्हणून शिकलो.

चौथ्या दिवशी सकाळी मी तापियापाशी आलो. मूळ कविता काढली. ओळ सोपी होती. ‘मिस एस्पोसास, फ्रियास लास दोस.’ माझ्या बायका, दोघीही गार. बरोबर होतं. पुढच्या कवितेवर जाताना मी सहज शीर्षक पाहिलं. ‘कोठडी क्रमांक चार’. तिच्या पुढची ‘पहारेकरी’. या दोन्ही विंटननं भाषांतरात घेतल्याच नव्हत्या. मी पुन्हा मागं आलो. शब्दकोश उघडला.

एस्पोसा म्हणजे बायको. अनेकवचनी एस्पोसास म्हणजे बायका. आणि त्याच अनेकवचनाचा दुसरा अर्थ, बेड्या. पोलीस हातात घालतात त्या.

रात्री माझ्या बेड्या, दोन्ही गार, तरी माझे हात सोडत नाहीत. तापिया त्या वर्षी तुरुंगात होता. विंटनला खलाशांनी बायकोचा शब्द शिकवला होता, बेडीचा नाही. आणि आमच्या सरांनी त्या एका शब्दावर चाळीस पानांचं प्रकरण उभं केलं होतं.

मला खरंच वाईट वाटलं. हे मी आज माझी बाजू सावरायला सांगत नाही, पहिल्या क्षणी वाईटच वाटलं. मी पेन्सिल घेतली आणि त्या ओळीशेजारी समासात लिहिलं, ‘बेड्या?’ खात्री होती, शाईनंच लिहायला हवं होतं. पण सरांच्या ओळीवर शाई ओतायचा धीर झाला नाही. माझा हात पहिल्यापासून जड, कागदात रुतेल असं अक्षर.

मग चहा घेता घेता मी प्रस्तावना वाचायला घेतली. तिच्यात आभार होते. मुंबईहून पुस्तकं मागवून देणाऱ्या दुकानदाराचे आभार. ग्रंथपालाचे आभार. टंकलेखन करणाऱ्या बाईंचे, त्यांच्या यजमानांचेसुद्धा. सरांच्या डोळ्यांचं ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांचे. मी पान उलटलं, पुन्हा पहिल्यापासून वाचलं. जयवंत बुधगावकर हे नाव कुठंही नव्हतं.

दोन वर्षं रविवार नावाचा वार मला माहीत नव्हता, आणि टायपिस्ट बाईंच्या नवऱ्याचे आभार!

सरांनी शेवटचं पान राहिलंय म्हणून सांगितलं होतं. ते माझ्या लक्षात होतं का? होतं. पण रागावलेल्या माणसाला जे आठवायचं नसतं ते आठवत नाही. मी खोडरबर घेतलं आणि ‘बेड्या?’ खोडून टाकलं. कागदाचे कण फुंकरीनं उडवले. करा म्हटलं अकरा वर्षांचं पुस्तक, आम्ही कोण सांगणारे.

आठव्या दिवशी मी गठ्ठा परत नेऊन दिला.

“काही सापडलं?” सरांनी विचारलं. परीक्षेच्या निकालाची वाट पाहणाऱ्या पोरासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

“दोन वेलांट्या सर. आणि एके ठिकाणी अनुस्वार.”

“तापिया?”

“तापिया उत्तम आहे.”

सर हसले. “ऐकलंस का गं,” त्यांनी आत हाक दिली, “आपल्या तापियाला जयवंतानं पास केलं!”

“मग बसा दोघं, शिरा करते,” आतून आवाज आला. तो शिरा मी खाल्ला. दुसऱ्यांदासुद्धा घेतला.

प्रकाशन मे महिन्यात वाचनालयाच्या सभागृहात झालं. प्रमुख पाहुणे मुंबईचे डॉक्टर विश्राम दाभाडकर. स्पेनमध्ये सहा वर्षं राहून आलेले, आणि पुढच्या पंधरवड्यातल्या माझ्या मुलाखतीचे तज्ज्ञ. पुस्तक त्यांच्याकडे आठ दिवस आधीच गेलं होतं. मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो. काकू पहिल्या रांगेत, मोरपंखी पातळ नेसून. टाक पदरावर दिसेल असा त्यांनी मुद्दाम बाहेर काढला होता.

पुस्तकाच्या प्रती वाटल्या गेल्या. मी पहिल्यांदा प्रस्तावनेचं शेवटचं पान उघडलं.

‘या पुस्तकातील सर्व स्पॅनिश मजकूर माझा विद्यार्थी जयवंत बुधगावकर याने मुळाशी ताडून पाहिला आहे. मी स्पॅनिश जाणत नाही. त्यामुळे या पुस्तकात जे अचूक आहे, ते त्याचे आहे. इतरांचे आभार मानता येतात. त्याचे मानले तर तो रागावेल, म्हणून मानत नाही.’

खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा आनंदच झाला. मग खोडलेलं ‘बेड्या?’ आठवलं. वर पाहिलं तर दाभाडकर माइकसमोर उभे होते आणि त्यांच्या हातातल्या प्रतीत तापियाच्या प्रकरणात खूण घातलेली होती.

त्यांनी आधी स्तुती केली, चांगली वीस मिनिटं. मग म्हणाले, “आता एका गमतीकडे येतो.” आणि त्यांनी एस्पोसास या शब्दाचे दोन अर्थ सांगितले. “चूक मूळची विंटनची. पण गणपुले सरांनी तिच्यावर माडी चढवली, गच्ची घातली आणि वर तुळस लावली!”

सभागृह हसलं. माझ्या मागून कुणीतरी खच्चून ओरडलं, “बायकू काय नि बेडी काय, एकच की वो सायेब!” मग तर लोक बाकांवर हात आपटून हसले. दाभाडकरही हसले. ते दुष्ट नव्हते, त्यांना भाषण रंगवायचं होतं इतकंच. सर व्यासपीठावर बसले होते आणि सगळे हसताहेत म्हणून तेही थोडे हसत होते. काकूंचा हात गळ्यातल्या टाकावर गेला होता आणि तिथंच मिटला होता.

“पण मला एक कळत नाही,” दाभाडकर म्हणाले. “प्रस्तावनेत लिहिलंय की स्पॅनिश मजकूर कुणी बुधगावकर यांनी तपासला. हे गृहस्थ इथं आहेत का?”

मी उभा राहिलो.

“अहो, तुमच्या लक्षात आलं नाही हे?”

दोनशे माणसं माझ्याकडे बघत होती. मुलाखत बारा दिवसांवर होती. माझ्यापुढे दोनच उत्तरं होती. लक्षात आलं नाही म्हणावं, तर स्पॅनिश येत नाही असं ठरत होतं. आलं होतं म्हणावं, तर पुढचा प्रश्न ठरलेला.

“आलं होतं सर,” मी म्हणालो. “मी प्रूफातच दाखवलं होतं. पण…” आणि पुढचं वाक्य न बोलता मी सरांकडे पाहिलं. न बोललेलं ते वाक्य सगळ्यांना ऐकू गेलं.

दाभाडकर सरांकडे वळले. सर माझ्याकडे बघत होते. रागानं नाही. एखादी वस्तू आपण कुठं ठेवली ते आठवताना माणूस बघतो, तसे. मग ते हळूहळू उठले आणि माइकपाशी आले.

“हो,” ते म्हणाले. “त्यानं दाखवलं असणार. तो दाखवल्याशिवाय राहायचा नाही. माझंच लक्ष गेलं नाही. चूक माझी.”

टाळ्या झाल्या. कार्यक्रमानंतर दाभाडकरांनी माझा हात हातात घेऊन सांगितलं, “गुरूची चूक गुरूला दाखवायला धाडस लागतं. असेच राहा.” बारा दिवसांनी मुलाखतीत त्यांनी मला फक्त दोन प्रश्न विचारले. जागा मला मिळाली. त्याच जागेवर मी अठ्ठावीस वर्षं शिकवलं, विभागप्रमुख झालो, भाषांतराची नीती या विषयावर गावोगाव व्याख्यानं दिली. शाल-श्रीफळांनी एक कपाट भरलंय.

नेमणुकीचं पत्र आलं त्या दिवशी दुपारी मी पेढे घेऊन सरांकडे गेलो. प्रकाशनानंतर पहिल्यांदाच जात होतो. मधल्या दिवसांत मुलाखतीची तयारी होती, असं मी स्वतःला सांगितलं होतं.

दार काकूंनी उघडलं. गळ्यात नुसतं मंगळसूत्र होतं. माझी नजर गेलेली त्यांनी पाहिली.

“देव्हाऱ्यात ठेवला,” त्या म्हणाल्या. “इतकी वर्षं वाटायचं, आम्ही दोघींनी यांचे हात धरलेत. त्या दिवशी सगळे हसले ना, तेव्हा वाटलं, कुणी सांगावं. धरलेत की अडकवलेत.”

मी पेढ्यांचा पुडा पुढं केला. त्यांनी तो घेतला आणि न उघडता आत नेऊन ठेवला.

सर पडवीत होते. पुढ्यात प्रूफांचा गठ्ठा. मी पाया पडलो, पत्र दाखवलं. त्यांनी ते पुरतं वाचलं, घडी घालून परत दिलं.

“छान झालं.”

“सर, त्या दिवशी…”

“त्या दिवशी घरी आल्यावर मी प्रूफं काढली,” सर म्हणाले. “म्हटलं, मुलानं एवढं दाखवलं आणि आपल्या नजरेतून कसं सुटलं? डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, सुटलं असेल. तुझी खूण शोधत होतो. अख्खं प्रकरण दोनदा बघितलं. सापडेना. मग हिनं खिडकी उघडली आणि ऊन आलं.”

त्यांनी एक कागद उचलला आणि उन्हात तिरपा धरला. समासात, ओळीच्या शेजारी, कागद दबलेला होता. रंग नव्हता, नुसती खाच. माझं जड अक्षर. ‘बेड्या?’ प्रश्नचिन्हासकट वाचता येत होतं.

काकू दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

“सभेत मी खोटं बोललो की काय, अशी मला धास्ती होती,” सर म्हणाले. “नाही बोललो. दाखवलं होतंच. नंतर खोडलं, एवढंच.”

“सर, आभारात माझं नाव नव्हतं म्हणून…” माझ्या तोंडून निघून गेलं. तीस वर्षांच्या माणसाच्या तोंडून!

सरांनी कागद गठ्ठ्यात जागच्या जागी घातला, कडा जुळवल्या, दोरी बांधली. त्यांना गाठ मारायला वेळ लागला. मी मदतीला हात पुढं केला, तो त्यांनी पाहिला नाही असं दाखवलं.

ते पुस्तक त्यांनी दुकानांतून परत मागवलं. पुढं एक ओळसुद्धा लिहिली नाही. पण हे मला नंतर, दुसऱ्यांकडून कळलं. त्या दुपारी मी फक्त उठलो. पायात चपला घालताना, इतक्या वर्षांच्या सवयीनं म्हणालो,

“येतो, सर.”

या घरात या शब्दाला एकच उत्तर होतं. ते मी हजारदा ऐकलं होतं. मी उंबऱ्यावर थांबलो. काकूंकडे पाहिलं, तर त्या जमिनीकडे बघत होत्या.

“बरं, बुधगावकर,” सर म्हणाले. आवाज शांत होता. “जा तुम्ही.”